डहाणूची चिमणी, तलासरीची विहीर आणि माझी एक चूक

आधी चूक सांगते, मग प्रवास.

डहाणूवरच्या माझ्या मागच्या लेखात एक वाक्य होतं: "डहाणूच्या वीजकेंद्रात धुरातला कार्बन समुद्राच्या पाण्याने धुऊन काढतात, म्हणजे कार्बन पकडून साठवण्याचं तंत्र आपल्याकडे कधीपासूनच चालू आहे." हे चूक आहे. समुद्राच्या पाण्याने धुतात ते गंधकाचे वायू. कार्बन डायऑक्साइड चिमणीतून वर जातो, कोळसा जाळणाऱ्या इतर चिमण्यांतून जातो तसाच. मी केंद्र आतून पाहिलंच नव्हतं. किनाऱ्यावर कुणीतरी "इथे धूर धुतात" म्हणालं आणि उरलेलं मी घरी येऊन मनाने भरलं.

ते वाक्य मी पुसलेलं नाही. त्यावर एक रेघ मारून खाली बरोबर काय ते लिहिलं आहे. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. बाबांची नोकरी धरणांच्या कामावर, दर वर्षी नवी वसाहत, म्हणून आई आणि मामा घरीच शिकवायचे. आईच्या शाळेत खोडरबर नव्हतं. चुकलं की एक रेघ आणि खाली बरोबर उत्तर. शिवाय ज्याला चुकीचं सांगितलं त्याला स्वतः जाऊन बरोबर सांगून यायचं. देवमासा अंडी घालतो असं मी एकदा शेजारच्या मुलीला सांगितलं होतं, तर मामाने मला भर उन्हात तिच्या दारात नेऊन उभं केलं होतं.

चूक कळवली ती डहाणूजवळच्या आगर गावातल्या मोरेश्वरकाकांनी. ते वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, आता चिकूची वाडी आणि पाहुण्यांच्या दोन खोल्या सांभाळतात. त्यांचा निरोप वाचून मी फक्त लाजले. दुसरा निरोप त्याच आठवड्यात आला आणि मग जेवण जाईना. तो तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या संदीपचा होता: "ताई, तुमचा लेख छापून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवला. लोकांची भीती कमी झाली. आभार."

भीती कसली, ते सांगायला हवं. कारखान्यांतून निघणारा कार्बन वायू हवेत सोडण्याऐवजी पकडायचा आणि जमिनीखाली खोल कातळात कोंडायचा, यासाठी सरकार आता पैसे देऊ लागलं आहे. अशाच संशोधनाच्या निधीतून एका अभियांत्रिकी महाविद्यालयाला संदीपच्या पाड्याजवळ खोल भोक पाडायचं आहे. थोडा वायू पाण्यात विरघळवून खाली सोडायचा आणि आपला काळा कातळ तो धरून ठेवतो का, हे बघायचं. ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय निधी सुटत नाही. आणि ठरलेल्या जागेपासून हाकेच्या अंतरावर पाड्याची एकमेव पिण्याची विहीर आहे. जानेवारीत गणपूर्तीला थोडी माणसं कमी पडली म्हणून ठराव राहिला. पुढची सभा मे महिन्यात. म्हणजे लोक माझ्या भरवशावर हो म्हणायच्या बेतात होते, आणि माझा भरवसा पोकळ होता.

मी दोन दिवसांची रजा टाकली.

नाशिकहून सकाळची डहाणू एसटी धरली. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा असा रस्ता. पाच तास धरून चालावं, बायकांना अर्धं तिकीट. जव्हारच्या पुढे वळणं फार आहेत, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची सीट धरावी आणि नाश्ता हलका करावा. एप्रिलमध्ये इथे हिरवं काही नसतं असं मला वाटायचं. पण मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बायका दिसत होत्या, आणि भाताच्या शेतांत राब भाजून झालेले काळे चौकोन, रोपांसाठी तयार करून ठेवलेले. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. "मी चुकले" इथपर्यंत व्हायचं, पुढे सुचायचं नाही.

कासाला गाडी वीस मिनिटं थांबली. खिडकीखाली सुकी मासळी घेऊन बसलेल्या बाईशी माझ्या पुढच्या सीटवरचे गृहस्थ हुज्जत घालत होते.

"मावशी, सुकट ओली लागते हाताला."

"ओली नाय, ताजी हाय. घरी ने, बायको सांगंल."

"बायकोनेच पाठवलंय."

"मग तिलाच पाठवायचं होतं ना!"

सगळी गाडी हसली, मीही हसले. त्या दिवसातलं ते माझं पहिलं हसू.

डहाणूला उतरून शेअर रिक्षाने आगर गाठलं. मोरेश्वरकाकांकडे खोली नऊशे रुपये, जेवण वेगळं. वाडीत दुपारीही गारवा होता. संध्याकाळी काकांबरोबर किनाऱ्यावर चालायला गेले. ओहोटीची ओली वाळू, परतलेल्या होड्या आणि दूरवर ती चिमणी, वरचे लाल दिवे नुकते लागलेले. मागच्या वेळी मी हिचा फोटो काढला होता. या वेळी फोन खिशातच ठेवला.

जेवताना काकांनी मला समजावलं. "गंधक म्हणजे मळ. धुतला की बराचसा जातो. पण कोळसा जळतो म्हणजेच कार्बन तयार होतो, तो वरचा मळ नाही. तो धरायचा तर धुराड्याशेजारी दुसरा कारखानाच उभा करावा लागेल, आणि तो चालवायला वीज त्याच केंद्राची खायची."

"मग करणार कोण?"

"म्हणून तर सरकारने हात घातलाय. आधी खर्च कोणी उचलायचा, यावरच अडतं सगळं. माझं मत विचारशील तर बघावं करून. पण बघतोय असं सांगून बघावं."

"जेवताना तरी ती चिमणी बाजूला ठेवा," हेमलताकाकूंनी माझ्या ताटात पापलेटाचा आणखी एक तुकडा वाढला. तांदळाची भाकरी आणि ते कालवण, एवढ्यासाठीसुद्धा आगरला जावं.

"अगं, पण ही एवढ्या लांब तलासरीला कशाला जाते? फोन करावा," काका म्हणाले.

"जाऊ दे तिला. तुम्ही चुकता तेव्हा शेजारच्या खोलीतसुद्धा येत नाही."

काकांनी आणखी एक भाकरी मागितली. मी झोपले ती सरळ सकाळी कोंबड्यांच्या आवाजाने उठले.

डहाणूहून तलासरीला एसटी आहे, पण वेळेचा भरवसा नाही. मी चारोटी नाक्यापर्यंत जीपने गेले आणि महामार्गावरून दुसरी गाडी धरली. तलासरीच्या स्टँडवर चहावाला एका गिऱ्हाइकाशी गुजराती, दुसऱ्याशी मराठी आणि माझ्याशी हिंदी बोलला. मी मराठीत उत्तर दिलं तर म्हणाला, "मग आधी बोलायचं ना ताई!" आणि आल्याचा चहा जरा जास्तच भरला.

संदीप मोटारसायकल घेऊन आला होता. पंचवीस-सव्वीसचा, बोलका. ग्रामसभेचे कागद तोच सांभाळतो आणि एरवी पहाटे उठून वापीला कंपनीत शिफ्टला जातो. हे काम मंजूर झालं तर विहिरींची आणि भोकाची रोजची मोजणी करायला पाड्यावरचीच चार माणसं लागणार होती, त्यांत त्याचं नाव होतं. हे मला माहीत नव्हतं. तोच उत्साहाने सांगत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबले असते तर तोंड उघडलं नसतं, म्हणून मी मध्येच सांगून टाकलं. त्याने ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला.

"म्हणजे मी जे वाचून दाखवलं, ते…"

"चूक होतं. माझी चूक."

त्याने चहाचे पैसे दिले. मग म्हणाला, "हे तुम्ही फोनवर सांगितलं असतं तर चाललं असतं ताई."

"फोनवर तुम्ही एकट्यानेच ऐकलं असतं."

"तेच म्हणतोय," तो म्हणाला. पण गाडीला किक मारली आणि मला मागे बसायला सांगितलं.

विहिरीवर सात जणी होत्या. विहीर लखमीबायच्या शेतात आहे, पाणी सगळ्या पाड्याचं. लखमीबाय पन्नाशीची असेल. रहाटावरचा हात न थांबवता तिने मला नखशिखांत पाहिलं. संदीपने माझी ओळख करून दिली, "लेखवाल्या ताई." मी जुळवलेली सगळी वाक्यं विसरले.

"मी लिहिलं होतं की डहाणूत हे काम आधीपासून चालतं. ते खोटं आहे." चूक म्हणायचं होतं, तोंडातून खोटं गेलं. मी तसंच राहू दिलं.

रहाट थांबला.

"डहाणूत नाय करत?" लखमीबायने विचारलं.

"नाही."

"मग कुठं करतात?"

"परदेशात काही ठिकाणी कातळात सोडून बघितलंय. आपल्याकडे अजून चाचण्याच."

"म्हंजे आमी पयले!"

"पयला नंबर आला गं लखमीचा, पेढे वाट," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. पण लखमीबायचं हसू लवकर संपलं. "ह्या पान्याला काय होईल, ते सांग बाय."

मला माहीत नव्हतं. मागच्या वेळी अशीच रिकामी जागा मी मनाने भरली होती. "मला माहीत नाही," मी म्हणाले, आणि संदीपने महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना फोन लावून स्पीकर चालू केला.

ते नीट बोलले. भोक विहिरीपेक्षा कितीतरी खोल असेल, वायू वर येईल असं त्यांना वाटत नाही. पण आलाच तर? तर पाणी किंचित आंबूस होईल, दगडातले क्षार विरघळतील, पाणी जड होईल.

"जड म्हंजे डाल शिजायची नाय," लखमीबाय म्हणाली.

मग तीच सांगू लागली. ओढ्यापलीकडे एक हातपंप आहे, त्याच्या पाण्यात तूर कितीही उकळा, दाणा मोडत नाही. म्हणून ते पाणी भांड्यांना आणि गुरांना, डाळीला हीच विहीर. चुलीवर डाळ ठेवली की कोणतं पाणी आणलंय ते घरात सगळ्यांना कळतं.

"बाई, हे मी लिहून घेतो," प्राध्यापक म्हणाले. "काम सुरू करण्याआधी आम्ही विहिरीचं पाणी एकदा तपासणार आहोतच."

"एकदा? पावसात पानी येगळं, दिवालीला येगळं, आता उन्हाचं येगळं. वरीसभर तपासा, मग भोक पाडा. आनि काय निगालं ते इथं येऊन वाचा, हपिसात नको."

वर्षभर थांबायचं तर निधी देणाऱ्यांना विचारावं लागेल, आणि ते हो म्हणतील याची खात्री मी देऊ शकत नाही, असं प्राध्यापकांनी स्पष्ट सांगितलं. निधी दुसऱ्या जागेकडेही वळू शकतो. मी संदीपकडे पाहिलं नाही. तो मात्र माझा छापलेला लेख उलटा करून, मागच्या कोऱ्या बाजूवर लखमीबायच्या अटी ओळीने उतरवत होता.

लखमीबायने आम्हाला जेवू घातलं. नागलीची भाकरी, त्याच विहिरीच्या पाण्यातली तुरीची डाळ आणि करवंदांचं लोणचं. पैसे घेतले नाहीत. मी घरून नेलेली चिवड्याची पिशवी मात्र तिने घेतली.

निघताना मी म्हटलं, "आता सांगून झालं."

"आमी सात जनी," ती म्हणाली. "जानेवारीत आयकनारे लय होते. मे मैन्यात सभा हाय. ये, उभी राहून सांग."

परतीच्या वाटेवर मला संदीपची वापीची पहाटेची शिफ्ट आठवत होती. स्टँडवर उतरवताना तो म्हणाला, "निधी गेला तर मला वाईट वाटणार, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या लेखावर ठराव झाला असता आणि उद्या पाणी बिघडलं असतं, तर लोक माझ्या दारात आले असते ताई. नाशिकला कोण येणार होतं?"

हे वाक्य मी गाडीत बसून जसंच्या तसं लिहून घेतलं.

नाशिकला येताना माझ्या पिशवीत काकूंनी दिलेले दोन डझन चिकू होते, आणि लखमीबायने दिलेली मूठभर तूरडाळ आणि विहिरीच्या पाण्याची बाटली. कंडक्टरने बाटलीला कापड गुंडाळलेलं पाहून विचारलं, "नाशिकला पाणी बंद आहे का ताई?" सांगायला गेले तर लांबलं असतं. हो म्हणाले, आणि लगेच टोचणी लागली.

घरी आल्यावर डाळीचे दोन सारखे भाग केले. एकाला आमचं नळाचं पाणी, एकाला विहिरीचं; सारखी पातेली, सारखी आच, वर झाकण नाही. विहिरीच्या पाण्यातली आधी मऊ झाली. एकदाच करून बघितलंय, त्यामुळे यावर कुणी काही ठरवू नये. तरी वहीत लिहून ठेवलं, आणि आई-बाबांनी दोन्ही पातेली संपवली.

मला चार माणसांत उभं राहून बोलता येत नाही. आवाज कापतो. पण रेघ मारली आहे, खाली बरोबर उत्तर लिहिलं आहे, आता ज्यांनी ऐकलं होतं त्यांच्या दारात जाणं बाकी आहे. गुरुवारी दुपारच्या गाडीने निघून आगरला मुक्काम. काकूंना कळवलं आहे. शुक्रवार, १ मे, सकाळी झेंडावंदनानंतरच्या ग्रामसभेत मी उभी राहीन.