रंगनाथरावांचं कुरण आणि भाच्याचं कोंबडखत

मानवतच्या एका जिनिंगमध्ये रंगनाथराव कापसाच्या गाड्या तपासायचे. गाडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि आतला कापूस ओला आहे का ते बघायचं, हे त्यांचं काम. वरचा थर नेहमी कोरडा असतो, हे ते पहिल्याच हंगामात शिकले. नोकरी संपली, सवय राहिली. पेंड आणली की ते आख्खं पोतं उलटं करतात. पाहुण्यानं पेढे आणले तर सगळ्यात खालचा आधी फोडतात.

ताडकळसजवळ त्यांचं गवताचं कुरण आहे. मुरमाड माळ. दिवाळीनंतर गवत कापायचं, पेंढ्या बांधून गंज लावायची आणि त्यावर म्हशीनं उन्हाळा काढायचा. म्हैस एकच, आणि यंदा ती गाभण. घर तिच्या दुधावर चालतं.

मे महिन्यात भाचा सुगत आला. पिंगळीला त्याचं कोंबड्यांचं शेड आहे.

"मामा, शेड रिकामं करायलोय. कोंबडखत टाकू का कुरणात? गवत कमरेला लागंल."

"काय भावानं?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं? फुकट."

"एरवी तर इकतोस."

"लय शंका बाबा तुमची! मामीला इचारा."

"तिला फुकटचं समदं गोड लागतं."

"फुकटात मिळालेले तुमीच एक," कुसुमबाई आतून म्हणाल्या, "अन् बघा काय निघालात!"

रंगनाथराव हसले नाहीत. शेजारच्या वस्तीवरची एक गाय मागच्या वर्षी अशाच खताच्या रानात चरून बसली ती उठली नव्हती. आधी मागचे पाय गेले, मग जीभ बाहेर लोंबली. खतात मेलेली कोंबडी राहिली की तिचं विष चाऱ्यात येतं, असं जनावरांच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं.

म्हणून पहिली ट्रॉली त्यांनी कुंपणाबाहेरच रिकामी करायला लावली. ढिगात हात घातला. भाताचं तूस, विष्ठा, पिसं, नाकाला झोंबणारा वास. बाकी काही नाही. दुसऱ्या बाजूनं पुन्हा घातला.

"सोनं सापडलं का मामा?" सुगतनं विचारलं.

दुसरी ट्रॉली आली तेव्हा ते बाजाराला गेले होते. परत येईपर्यंत खत पांगवून झालं होतं. वरवर बघितलं, ठीक वाटलं. एक ट्रॉली चांगली निघाली म्हणजे दुसरीही चांगली असणार, असं त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मानलं.

पावसाळ्यात गवत खरोखर कमरेला लागलं. दिवाळीनंतर कापणी सुरू झाली आणि दुसरी ट्रॉली पडली होती त्या कडेला विळ्याखाली बारीक हाडं आली. मग एक पंजा, नखांसकट. रंगनाथरावांनी विळा ठेवला. तिथलीच एक पेंढी बांधली, मोटारसायकलला अडकवली आणि पिंगळी गाठली.

सुगतच्या दारात गाय बांधलेली होती. त्याची बायको रोहिणी पाणी घेऊन आली.

"ही पेंढी टाक तुझ्या गाईला," रंगनाथराव म्हणाले.

"तिला हाय की चारा."

"तुझ्याच खताचं गवत हाय. खाऊ दे."

सुगतनं पेंढी हातात घेतली. गाईनं मान लांब केली. तो एक पाऊल मागं सरला आणि पेंढी पाठीमागं धरली.

"अवो, टाका की," रोहिणी म्हणाली. मग ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"उन्हाळ्यात लाईट गेली, मामा. पंखे बंद. दुपारात ढीगभर कोंबड्या मेल्या. रोग नव्हता, तुमची शपथ. पुरायला माणूस मिळंना. गड्यांनी खतातच टाकल्या."

"गड्यांनी टाकल्या. ट्रॉली कोणी धाडली?"

सुगतनं पाठीमागची पेंढी पुढं केली. रंगनाथरावांनी पेंढी परत घेतली.

तेवढ्या कडेचं गवत त्यांनी वेगळं काढून जाळलं. राहिलेल्याचीही खात्री वाटेना, म्हणून म्हशीसाठी कडबा विकत आणला. आठवड्यानं सुगत पोतं घेऊन कुरणात आला, हाडं वेचायला. तो वाकून पुढं चालला होता. रंगनाथराव त्याच्या मागं होते, त्यानं वेचून सोडलेली जागा काठीनं पुन्हा उकरून बघत.