परसबोडीचा तास

गोंदियाच्या मालधक्क्यावर पावत्या लिहीत बसलो होतो. पोस्टमननं टेबलावर कार्ड टाकलं. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, तेव्हा वाचायच्या आधीच काय ते समजलं. डोमामामा गेले. कार्ड तिसऱ्या दिवशी पोचलं होतं, म्हणजे सगळं आटोपलेलं होतं... खरं सांगतो, कोणी काही म्हणो, पण डोळ्यांत पाणी येण्याआधी माझ्या डोक्यात एकच प्रश्न आला. मग हे तीन दिवस परसबोडीत तास कोणी वाजवला?

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल, म्हणून आधी गाव सांगतो. परसबोडी हे माझं आजोळ, आणि वडील लवकर गेल्यामुळं माझं गावही तेच. गोंदियाजवळच्या गोरेगावहून धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, ओलांडत गेलं की तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या आडोशाला, बसलेलं दिसतं. एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओ देतो, एवढंसं. पण हसू नका. परसबोडी तहसिलीचं गाव होतं! इंग्रजी अंमल बसला तेव्हा कचेरीसाठी जागा शोधत एक साहेब तट्टावरून आला, पाळीवरच्या आंब्याखाली जेवला, तिथंच झोपला आणि उठल्यावर म्हणाला, कचेरी इथंच. अशी गावात कथा आहे. खोटी असेल तर असो, आम्हाला दुसरी चालत नाही. कचेरी मातीची होती, वर कवेलू होते, पण कचेरी होती. तिच्यामागं ठाणं आलं, शाळा आली, मंगळवारचा बाजार आला. ठाण्याच्या कोठडीत चोरांपेक्षा बकऱ्याच जास्त दिवस राहिल्या, ती गोष्ट वेगळी. पण गावाची जीभ बदलली. नवरा-बायकोच्या भांडणातसुद्धा ‘सबब’ आणि ‘वगैरे’ आल्याशिवाय भांडण पुरं होत नसे. शेजाऱ्यानं शेताचा धुरा कोरला तर दुसऱ्या गावचा माणूस काठी काढील, आमचा माणूस कमरेवर हात ठेवून म्हणायचा, “अर्ज दे ना बे!” एका म्हशीचं नावच दिवाणी होतं, कारण तिच्याकडून काहीही लवकर निघत नसे.

आणि कचेरीत तास होता. काशाची जाड थाळी, व्हरांड्याच्या आड्याला टांगलेली. आपण साठ मिनिटांना तास म्हणतो आणि ते वाजवायच्या थाळीलाही तासच म्हणतो, आणि परसबोडीत ही दोन्ही खरोखर एकच होती. थाळी सरकारची नव्हती. घरोघरची फुटकी काशाची भांडी गोळा करून गावानं ती ओतवून दिली होती. आमच्या पणजीचं तडकलेलं ताट त्यात आहे, असं आई अभिमानानं सांगायची. ही थाळी वाजवायचं काम डोमामामांकडं होतं. ऐन उमेदीत ते कचेरीत चपराशी म्हणून लागले, कमरेला बिल्ला आला आणि हातात लाकडी मोगरी. ही काही शोभेची चाकरी नव्हती बरं का. आमच्या तलावाचं पाणी त्या तासावर वाटलं जायचं. कोणाच्या बांधीला किती तास पाणी हे बापजाद्यांपासून ठरलेलं. टोला पडला की पाणी वाटणारा पाणकर एकाचं तोंड बंद करी आणि दुसऱ्याचं उघडी. तलावावरून आसपासच्या गावांत डोकी फुटली, परसबोडीत नाही फुटली. का, तर तास होता म्हणून.

मग गोंदियाला रेल्वे आली, बाजारपेठ वाढली आणि सरकारचं मन तिकडं गेलं. एके सकाळी कचेरीपुढं बैलगाड्या लागल्या. दप्तरं, पेट्या, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ, सगळं यादीबरहुकूम भरलं गेलं. ही हकिकत मी आईकडून इतक्या वेळा ऐकली आहे की मी तिथं हजर होतो असंच मला वाटतं. गोंदियाहून आलेला कारकून व्हरांड्याकडं बोट दाखवून म्हणाला, “अरे, ये थाली भी रख दो गाड़ी में.” मामांनी शांतपणे विचारलं, “यादीत दाखवा.” यादीत ती नव्हतीच, कारण ती सरकारची कधी नव्हतीच. कारकुनानं पुन्हा पुन्हा पानं उलटली आणि नाद सोडला. मामांनाही गोंदियाला हजर व्हायचा हुकूम होता. पक्की नोकरी, शहराची जागा... मामांनी बिल्ला सोडून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “कचेरी दौऱ्यावर जाऊन रायली. मागं कोनीतरी मुक्काम राखाले पायजे का नाई?”

तेव्हापासून परसबोडीत कचेरी ‘गेली’ असं कोणी म्हणत नाही. ती दौऱ्यावर आहे. चाळीसेक वर्षं झाली, दौरा जरा लांबला आहे, एवढंच.

घड्याळ गेलं, तर तास वाजवायचा कशावर? मामांनी कचेरीच्या अंगणात सपाट दगड बसवला, मधे लोखंडी खुंटी ठोकली आणि एक रेघ कोरली. खुंटीची सावली रेघेवर आली की बारा. पुढचे तास मोजायला तांब्याचं बुडाशी भोक पाडलेलं भांडं होतं. ते पाण्यात सोडलं की बरोबर तासाभरानं बुडायचं. आभाळ असलं की सगळा कारभार त्या भांड्यावर. मामा शेतावर गेले की भागरतामामी सावली बघायची, भांडं बघायची आणि पदर खोचून टोले द्यायची. बिऱ्हाड कचेरीच्याच मागच्या खोलीत, आणि दोघांपैकी एक जण कायम घरी. दोघांनी मिळून कोणाच्या लग्नाला गेल्याचं मला आठवत नाही.

आणि अशा माणसाचा भाचा रेल्वेत लागला, ते मी! आमच्याकडं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. मी गावी गेलो की मामा वाकायचे आणि उठता उठता टोमणा मारायचे, “या भाचेबुवा, धुराच्या वेळेनं आलात का पाण्याच्या वेळेनं?” सूर्याची वेळ आणि रेल्वेची वेळ जुळत नाही, हे मला नोकरीत लागल्यावर कळलं. दिवाळीच्या सुमारास परसबोडी रेल्वेच्या जराशी पुढं असते, आणि थंडी सरता सरता चांगली पाव तासाहून जास्त मागं पडते. त्या दिवसांत आमच्या गावच्या मंडळींची गाडी हमखास चुकायची. फलाटावर उभे राहून मलाच झापायचे, “तुमची गाडी रोज लौकर येऊन रायली, काऊन?” शेवटी मी एक चांगलं खिशातलं घड्याळ घेतलं, रेल्वेच्या वेळेला लावलं आणि मामांना नेऊन दिलं. मामांनी ते उलटसुलट पाहिलं, कानाला लावलं. “नाजूक हाये,” म्हणाले आणि व्हरांड्यातल्या खिळ्याला अडकवून ठेवलं. चावी एकदाही दिली नाही. मला राग आला होता, लपवत नाही. आमचे मामा अडाणी, असं मी त्या दिवशी मनात म्हणालो होतो.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी एक कोरडं वर्ष आलं. धान पोटरीवर आणि आभाळ स्वच्छ. तलावात तळाशी थोडं पाणी उरलेलं, म्हणजे प्रत्येकाची एक एक पाळी आणि खेळ खलास. मी तेव्हा रजेवर गावातच होतो. मामांची बांधी पाण्याच्या वाटेच्या शेवटाकडं, आणि त्यांच्या पुढची पाळी उदारामची. या उदारामशी मामांचं धुऱ्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. मामांच्या बांधीत पाणी शिरलं, पण जमीन इतकी भेगाळलेली की ते पुढं सरकेना. अर्धी बांधी भिजली आणि इकडं भांडं बुडायला आलं. मामी बांधीवरून धावत आली. तिला धाप लागली होती. “थोडकं थांबा ना,” म्हणाली, “जराशानं वाजवाल तं कायचं बिघडते? कोपऱ्यापावतर पानी पोचून रायलं.” मीही तोंड घातलं. म्हटलं, “मामाजी, पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न. गावात कोणाकडं घड्याळ आहे का? कोणाला कळणार आहे?” मामा भांड्याकडंच बघत होते. मान वर न करता म्हणाले, “कोनापाशी घडी नाई भाचेबुवा, मनूनच त.” भांडं बुडालं. मामा उठले आणि त्यांनी टोले दिले. पलीकडं पाणकरानं त्यांचं पाणी तोडून उदारामकडं वळवलं.

अर्धी बांधी डोळ्यांदेखत वाळली. मामी आठ दिवस मामांशी बोलली नाही, पण त्या आठ दिवसांतही तिच्या वाट्याचे टोले तिनं चुकवले नाहीत. फक्त मोगरी जरा जोरात आपटायची. आणि उदाराम? तो संध्याकाळी कचेरीपुढून गेला, व्हरांड्याकडं बघून थांबला आणि म्हणाला, “टोला जरा हळू पडला आज.” बस्स! आमच्याकडं आभार मानायची पद्धत नाही. पण त्या दिवसापासून दोघांचं बोलणं सुरू झालं. आणि मी... गोंदियाच्या गाडीत बसलो तेव्हा माझी मान खाली होती. शिकलेला मी, आणि सल्ला काय दिला तर तो!

लढाईच्या काळात सरकारनं सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढं ढकलली, ते वाचकांना आठवत असेल. त्या दिवसांत एक अधिकारी दौऱ्यावर परसबोडीला उतरला. दुपारी जेवणं आटोपून पडला असताना त्याच्या मनगटावर एक वाजला आणि व्हरांड्यात बारा टोले पडले. तो बाहेर आला, मामांना वेळ बरोबर करायला सांगितलं. मामा हात जोडून म्हणाले, “साहेब, सूर्याले नोटीस काढा. तो फुडं सरकला का मीही सरकतो.” साहेबाचा चेहरा लाल झाला. आता काही तरी होणार म्हणून गाव गोळा झालं, तेव्हा गर्दीतून उदाराम पुढं आला. “आमचा तास बरोबर हाये साहेब,” तो म्हणाला, “म्या पायलं हाये.” काय पाहिलं ते त्यानं सांगितलं नाही, आणि साहेब गर्दीकडं एकदा बघून आत वळला. लढाई संपल्यावर सरकारचं घड्याळ मुकाट्यानं मागं आलं. परसबोडीचं जिथल्या तिथं होतं! हे सांगताना माझी छाती फुगते, आणि फुगू द्या.

शेवटची भेट यंदाच्या पंधरा ऑगस्टची. दौऱ्यावर गेलेल्या कचेरीच्या व्हरांड्यावर गावानं झेंडा लावला. सकाळचे आठ टोले मामांनी दिले. वय झालं होतं, पण टोला खणखणीत. लाडू वाटून झाल्यावर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “भाचेबुवा, आता राज आपलं झालं. कचेरी दौऱ्यावरून वापस येते का?” आयुष्यभर सगळ्यांना हसवलेलं ते वाक्य मामांनी मनापासून धरलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. “येईल मामाजी,” म्हणालो. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. “आली तं ठीक,” म्हणाले, “नाई आली तरी टोला चुकाले नाई पायजे.”

तेरवीला गेलो. पाळीवरून चालत असताना दुपार होत आली होती आणि माझे कान गावाकडं लागले होते. गाव मुकं झालं असलं तर? ... आणि टोला पडला. एक, दोन, तीन... बारा. मी धावतच कचेरीपुढं आलो. व्हरांड्यात मामी उभी होती, कपाळ मोकळं, हातात मोगरी. पायरीवर उदाराम बसला होता, अंगणातल्या खुंटीच्या सावलीवर नजर ठेवून. मी मामीच्या गळ्यात पडून रडलो. मग विचारलं, “मामी, ते तीन दिवस कोणी वाजवला?”

“कोनते तीन दिवस?” मामी म्हणाली. “तुजे मामा दुपारी गेले. तवाच सावली रेघेवर आली. फुडची पाळी याच उदारामची होती, पानी थांबते का कोनासाठी? म्या उठली, बारा टोले देले. मंग रडली.”

उदारामनं मान हलवली. बारा टोले नेहमीसारखेच पडले, म्हणाला. घरात काय झालं आहे हे गावाला त्यानंतर कळलं.

निघताना मामीनं खिळ्यावरचं ते घड्याळ माझ्या हातात ठेवलं. इतक्या वर्षांत तिनं ते रोज पुसलं होतं, चावी मात्र कोणी दिली नव्हती. मी थांबलो. पुढचा टोला पडला तेव्हा काटे जुळवले, चावी दिली आणि पाळीची वाट धरली. ते घड्याळ आता मालधक्क्यावर माझ्या टेबलावर असतं. भिंतीवर रेल्वेचं मोठं घड्याळ आहे, गाड्या त्यावर चालतात, चालू देत. परवा आमच्या साहेबांनी दोन्हींकडं पाहिलं आणि विचारलं, “बाबूजी, ये घड़ी ग़लत है क्या?”

“नाही साहेब,” मी म्हणालो, “ही तहसिलीच्या गावची आहे.”