भुऱ्याच्या आजारपणातल्या सुनंदा सिस्टर

आज सकाळी सुनंदा सिस्टर गेल्या.

आमचा कुत्रा भुऱ्या जिवंत आहे, त्यात त्यांचा फार मोठा वाटा आहे. म्हणून हे लिहिते आहे.

सिस्टर जव्हारला राहायच्या. सगळी नोकरी नर्स म्हणून झालेली. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. या बाई आजारी कुत्र्यांच्या घरी जायच्या.

सगळ्यांच्या नाही. एकाच आजाराच्या.

भुऱ्या म्हणजे आमच्या बाबांची सावली. आमच्या गावात, पोशेऱ्यात, सगळ्यांना माहीत आहे. बाबा शेतावर तर हा शेतावर, बाबा कुणाच्या दहाव्याला तर हा तिथेही हजर.

एक दिवस तो उठलाच नाही. हिरड्या पांढऱ्याफटक. लघवी काळ्या चहासारखी.

जव्हारच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, गोचिडांमुळे ताप येतो तसा आधी आला असावा, पण आता गोष्ट पुढे गेली आहे. याचं शरीर स्वतःचंच रक्त शत्रू समजून मारतंय. रक्त चढवावं लागेल, नाशिकला न्या.

आणि एक नंबर दिला. म्हणाले, "या बाईंना फोन करा. औषध मी देईन, पण तुमच्याबरोबर त्या राहतील."

मला वाटलं, बरोबर राहतील म्हणजे काय?

फोन केला. सिस्टरनी रडू दिलं नाही. कुत्र्याचं वजन विचारलं, श्वास कसा चालतोय विचारलं, आणि म्हणाल्या जीप ठरव, मी पुढे खोडाळ्याला जाते.

आम्ही खोडाळ्याला पोचलो तर त्या रस्त्यावर उभ्या. शेजारी एका दुकानदाराचा दांडगा कुत्रा, शेरू, आणि त्याचा मालक. रक्त द्यायला. ही सगळी जुळवाजुळव त्यांनी फोनवर केली होती.

बाबा जीपमध्ये हळूच मला म्हणाले, "कुत्र्याला कुत्र्याचं रगत? असंबी असतं काय?"

असतं. नाशिकला शेरूचं रक्त आधी तपासलं, जुळवलं आणि मग भुऱ्याला चढवलं. संध्याकाळी त्याने मान उचलून बाबांकडे बघितलं. बाबा बाहेर जाऊन उभे राहिले. बराच वेळ आत आले नाहीत.

मला वाटलं, झालं. वाचला.

सिस्टर म्हणाल्या, "कल्पना, खरं काम आता घरी आहे."

पुढे काय काय होणार, ते त्यांनी परतीच्या वाटेवरच सांगून टाकलं. स्टिरॉइड चालू आहे, पाणी खूप पिईल. घरात लघवी करेल, ओरडायचं नाही. सारखी भूक लागेल. पोट सुटेल, पाय बारीक होतील. यातलं काहीही झालं तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

रोज सकाळी त्यांचा फोन. आधी भाकरी, मग गोळी. उजेडात ओठ उचलून हिरड्या बघायच्या आणि रंग सांगायचा. ऑफिसला निघायच्या घाईत मी कधी उगाच "ठीक आहे" म्हटलं, तर त्या विचारायच्या, "ठीक हा कुठला रंग?"

मग एक दिवस बाबांनी मला गोळी देऊ दिली नाही.

भुऱ्याचं रूप बघवत नव्हतं, हे खरं. कमरेची हाडं दिसायला लागली होती. मी सिस्टरना कळवलं. त्या दुपारच्या जीपने पोशेऱ्याला आल्या. ओटीवर बसल्या, पाणी प्यायल्या. बाबांना रागावल्या नाहीत.

बाबा म्हणाले, "बाई, ह्याच्याकडं बघा. औषधच खातंय याला."

सिस्टरनी भुऱ्याला जवळ घेतलं. बाबांचं बोट धरून त्याच्या हिरडीवर दाबलं, सोडलं. पांढऱ्या जागी गुलाबी रंग परत आला.

"दादा, हे औषधानं आणलंय. कंबर नंतर भरेल. गोळी एकदम बंद केली तर हे जाईल. कमी करायची ती डॉक्टर करतील, हळूहळू."

बाबांनी भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर म्हणत व्हते, तुमच्या कुत्र्यालाबी हाच आजार व्हता. वाचला का?"

"नाही. सगळं बरोबर करूनही गेला."

"मग आम्हाला कशाला सांगता?"

सिस्टर म्हणाल्या, "तो आजारी होता तेव्हा रोज नवीन काहीतरी व्हायचं आणि मी घाबरायची. हे असंच असतं, एवढं सांगणारंही कोणी नव्हतं. तुमचा वाचेलच असं मी म्हणत नाही. पण तुम्ही एकटे पडणार नाही, एवढं माझ्याकडून."

बाबा उठले. भाकरी सुकटीच्या कालवणात कुस्करली, भुऱ्याला खाऊ घातली. शेवटच्या घासात गोळी दाबून स्वतः भरवली. त्यानंतर ते काम त्यांनी मला कधी करू दिलं नाही.

मध्ये एकदा आजार उलटला. आम्ही लगेच ओळखलं, डोस वाढला, पुन्हा सावरलं. मग गोळी कमी कमी होत गेली आणि एक दिवस डॉक्टरांनी ती बंद केली. भुऱ्याची कंबर भरली, शेपूट पुन्हा वर गेली.

सगळीकडे असं झालं नाही. दाभोशाच्या एका घरचा कुत्रा औषध चालू असतानाच गेला. सिस्टर तिथेही गेल्या. त्या घरच्या बाईला वाटत होतं, आपलंच काही चुकलं. सिस्टर तिच्याजवळ बसून राहिल्या. तुमचं काही चुकलं नाही, हे तिला पटेपर्यंत.

मागच्या महिन्यात त्या स्वतः अंथरुणाला खिळल्या. परवा भेटायला गेले तर म्हणाल्या, "विक्रमगडच्या एका मुलीला तुझा नंबर दिलाय. तिचा कुत्रा कालपासून औषधावर आहे. मला आता बोलताना धाप लागते."

मी म्हटलं, सिस्टर, मला जमेल?

त्या म्हणाल्या, "तुला सगळं माहीत आहे. फोन उचल, बस."

आज त्यांना पोचवायला जव्हारला गर्दी होती. खोडाळ्याचा शेरूचा मालक होता. दाभोशाची ती बाईसुद्धा आली होती. बाबा शेवटपर्यंत थांबले.

परत येताना जीपमध्ये विक्रमगडच्या मुलीचा फोन आला. तिचा कुत्रा सारखं पाणी पितोय, रात्री घरात लघवी केली, ती घाबरली होती.

मी तिला सांगितलं, हे असंच असतं. मी आहे.

सिस्टर, पोशेऱ्याच्या आमच्या सगळ्या घराचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.