शेरा: नामंजूर

स्पीकरमधून माझा आवाज आला तेव्हा मी खिरापत वाटत होते आणि माझी सून मृणाल शेजारी ताट धरून उभी होती. "हिच्या आमटीत डाळ शोधावी लागते," असं स्पीकर म्हणाला. मग धाडधाड काहीतरी वाजलं आणि तो परत म्हणाला, "शोधावी लागते, शोधावी लागते, शोधावी, शोधावी." आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीचा गणपती, आरती नुकतीच झालेली, हॉल माणसांनी भरलेला. पोरं नाचायला लागली. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी बाईंनी मृणालला विचारलं, "गाना तो बढ़िया है, मतलब क्या है इसका?" मृणालने ताट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मम्मीजी कह रही हैं कि मेरी दाल में दाल नहीं होती."

स्पीकरपाशी साहेब उभे होते. डोळे मिटून मान डोलवत होते. आपण काय केलंय याचा त्यांना पत्ताही नव्हता.

साहेब आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे, दिल्लीत केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात पस्तीस वर्षं सेक्शन ऑफिसर. बायको वारलेली, मुलगा बंगळूरला. रिटायर झालेली बाकीची माणसं सकाळी बागेत हातपाय हलवतात. साहेब मोबाइलवर नवी गाणी शोधायचे. सिनेमातली नाही. कोणीतरी पोरगा किंवा पोरगी आपल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून जे गाणं करते, ज्यामागे कंपनी नसते आणि जे कोणी ऐकत नाही, ते. असं गाणं सापडलं की दार वाजायचं. "वहिनी, गुवाहाटीची मुलगी आहे. ऐकणारे एकतीस. मी बत्तिसावा." एवढा आनंद त्यांना प्रमोशनचा झाला नसेल. मग ते त्या मुलीला पत्र लिहायचे, ऑफिसात लिहायचे तसंच, वर विषय, खाली संदर्भ, शेवटी "योग्य त्या कार्यवाहीस्तव". ती पोरं उलट लिहायची, अंकल, तुम्ही खरे आहात की कोणी चेष्टा करतंय?

चार वाजता ते चहाला यायचे, काखेत जुनी सरकारी फाईल घेऊन. गाणं वाजवायचे, पानावर गाण्याचं नाव आणि खाली "अभिप्रायार्थ सादर" असं लिहायचे आणि पेन माझ्या हातात द्यायचे. मी म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं? मी चौथी शिकलेली." ते म्हणाले, "म्हणूनच. ज्यांना कळतं ते आधी नाव बघतात." मग मी शेरा लिहायचे. नामंजूर. नामंजूर. डोकं दुखलं. नामंजूर. एकदा एका पोराने नुसत्या पाण्याच्या टाकीच्या आवाजावर गाणं केलं होतं, त्याला मी "ठीक" लिहिलं. साहेब उठून माझ्या स्वयंपाकघरात दोन पावलं नाचले. सत्तरी उलटलेला माणूस, पायात पट्ट्यांच्या चपला. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कव्हर आणि रीमिक्स यांतला फरक मला कळेना. साहेब टिपण वाचल्यासारखं समजावत बसले. शेवटी मीच म्हटलं, "म्हणजे दुसरीच्या घरची भाजी आपल्या हाताने केली की कव्हर. आणि तिच्या कालच्या पोळ्या आणून कुस्करून फोडणी घातली की रीमिक्स." साहेबांनी पेन काढलं. "वहिनी, हे फाईलवर घेतो," म्हणाले, आणि खरंच घेतलं.

त्यांची एक खोड होती. ते शब्द ऐकत नसत. "शब्द काय, ऑफिसात पुष्कळ झाले. मी ठेका ऐकतो." सगळा घोटाळा त्यातून झाला. नाशिकच्या एका मुलाला गाण्यासाठी घरातले आवाज हवे होते. मी खलबत्त्यात लसणाची चटणी कुटत होते. साहेबांनी ओट्यावर मोबाइल ठेवला आणि बोट ओठांवर ठेवून उभे राहिले. पण मी कुटते तेव्हा बोलते. जन्मभराची सवय. त्या दिवशी आमटीचा विषय होता. त्या मुलाने खलबत्त्याबरोबर मलाही घेतलं. गाणं आलं, साहेबांनी ते कानात घालून पंचवीस वेळा ऐकलं, प्रत्येक वेळी नुसता ठेका, आणि मला अचानक आनंद द्यायचा म्हणून गणपतीत लावलं.

त्यानंतर मृणाल चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मानेसरच्या कारखान्यात हिशेब तपासते ती, सकाळी सातला निघते आणि आल्यावर आमटी करते. मला तिची बाजू कळत होती. माफी मागणं मला जमत नाही, कधी जमलं नाही. पाचव्या दिवशी मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, थोडे दिवस ताईकडे पुण्याला जाऊन येतेस का?" थोडे दिवस म्हणजे किती ते मला कळलं. मी बॅग काढली.

दुपारी साहेब आले. त्यांना आता शब्द ऐकू आले होते. तोंड उतरलेलं. माझी बॅग बघितली आणि दारातच बसून राहिले मृणाल येईपर्यंत. ती आली तेव्हा उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, चूक माझी आहे. एकाच पक्षाचं म्हणणं फाईलवर आलं. दुसऱ्या पक्षाचं घेतल्याशिवाय प्रकरण बंद करता येत नाही." आणि मोबाइल पुढे धरला.

मृणाल दमली की हिंदीवर येते. म्हणाली, "काका, प्लीज, मैं थकी हुई हूँ." मग पर्स ठेवली. मिक्सर लावला. आणि बोलायला लागली. अकरा मिनिटं बोलली. माझं मीठ, माझं घोरणं, मी फ्रीजमध्ये वाट्यांवर वाट्या रचते ते, तिच्या आईने दिलेलं भांडं मी जाळलं आणि मोलकरणीवर ढकललं ते. भांड्याचं मला वाटलं होतं तिला माहीत नाही. मी भिंतीला टेकून सगळं ऐकलं. साहेबांची मान ठेक्यात हलत होती, पण या वेळी डोळे उघडे होते.

आठ दिवसांनी नाशिकहून रीमिक्स आला. खलबत्ता माझा, मिक्सर तिचा. मी म्हणते, "शोधावी लागते," ती म्हणते, "भांडं कोणी जाळलं?" परत मी, परत ती, भांडं, भांडं, भांडं. शेवटी मिक्सर इतका चढतो की मी ऐकूच येत नाही. मृणाल आधी ओठ दाबून बसली होती. मग तिला ठसका लागला, मग मला. मुलगा आतून धावत आला, त्याला वाटलं मारामारी झाली.

मी फाईलवर लिहिलं, "मंजूर. ती जिंकली." बॅग परत माळ्यावर गेली. डाळ अजून पातळच असते.

साहेब यंदा माघात गेले, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या, कानात गाणं चालू. बंगळूरहून त्यांचा मुलगा येऊन सगळं आवरून गेला. जाताना फाईल मला देऊन गेला. शेवटच्या पानावर एक गाणं होतं, खाली "अभिप्रायार्थ सादर" आणि पुढे कोरी जागा. मृणालने ते मोबाइलवर शोधून काढलं. ऐकणारे सहा. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात उभं राहून पूर्ण ऐकलं. फार वाईट होतं. मी नामंजूर लिहिलं आणि तारीख घातली.

त्या गणपतीत आमटीच्या गाण्यात अडकलेले आम्ही तिघं होतो. आता मी आणि माझी सून आहोत.