कवळीवाल्या वहिनींची मोटार

दादांचं सलून चौकापासून तिसरं. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि दिवसभर चालणारा रेडिओ. सगळी गल्ली त्यांना दादा म्हणायची, म्हणून त्यांची बायको सगळ्या गल्लीची वहिनी. दादा केस कापत, पण माणूस ओळखत तो दातांवरून. कारण वहिनी कवळ्या बनवायच्या.

दोन गल्ल्या पलीकडे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेत, पुढचं सगळं वहिनींच्या हातचं. प्लॅस्टरचा साचा ओतायचा, मेणाच्या हिरड्या घडवायच्या, एकेक दात रांगेत बसवायचा, मग तासायचं, घासायचं, चकाकी आणायची. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, एकुलत्या एक खिडकीशी बसून त्यांनी एकोणतीस वर्षं हे काम केलं. पेशंट त्यांनी कधी पाहिले नाहीत आणि पेशंटांनी त्यांना.

दादांना मात्र ते सगळे भेटायचे. गिऱ्हाईक दाढीसाठी मान मागे टाकून बसलं, एखाद्या विनोदावर तोंडभर हसलं, की दादांना कळायचं, हे हिचं काम. पुढच्या दोन दातांत वहिनी केसभर फट ठेवायच्या. त्यांचं म्हणणं, अगदी पट्टीनं आखल्यासारखी रांग खोटी दिसते.

"काय दात आहेत हो तुमचे!" दादा मुद्दाम म्हणायचे.

"कवळी आहे, दादा. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे."

दादा वस्तरा पुसायला घ्यायचे. खरं सांगायची फार घाई व्हायची, पण कुणाच्या तोंडात काय आहे याची चर्चा सलूनमध्ये करायची नाही, अशी घरातून सक्त ताकीद होती. एकोणतीस वर्षं त्यांनी ती पाळली. बडबड्या माणसासाठी हे सोपं काम नव्हे.

मग डॉक्टर थकले आणि त्यांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी वहिनींना विचारलं, "बाई, तुम्हाला आठवण म्हणून काय देऊ?"

वहिनींनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "ती गाडी द्या."

बाहेर पत्र्याच्या छपराखाली डॉक्टरांच्या वडिलांची एक छोटी दोन दारांची मोटार पडून होती. चाकं जमिनीत रुतलेली, टपाला भोकं, मागच्या सीटवर मांजरांचं बाळंतपण. डॉक्टरांना वाटलं, बाई थट्टा करताहेत.

"अहो, ती गाडी कुठली, भंगार आहे ते."

"मी एकोणतीस वर्षं तिच्याकडेच बघत काम केलंय," वहिनी म्हणाल्या. "भंगार असती तर मला कळलं असतं."

चार माणसांनी दोर लावून ती मोटार मागच्या बोळातून दादांच्या घरी आणली. घराची रचना अशी होती की पुढे सलून, त्याच्या पाठीला लागून एक मोठी रिकामी खोली आणि वर राहायच्या दोन खोल्या. मागच्या खोलीला बोळाकडे उघडणारं दुहेरी दार होतं. मोटार त्या दारातून आत आली, आणि दादांच्या घरातली शांतता त्याच दारातून बाहेर गेली.

कारण ती मोटार काही त्या एका खोलीत मावली नाही. म्हणजे मावली होती, पण वहिनींनी ती सुटी करायला घेतली आणि ती घरभर पसरली. गाद्यांच्या कपाटात हेडलाइट गेले. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून कार्ब्युरेटर बसला तो पाच महिने हलला नाही. दादा त्याच्या अलीकडे ताट ठेवून जेवायचे. मागची सीट वर दिवाणखान्यात आली. पाहुणे तिच्यावर बसायचे आणि सोफा छान आहे म्हणायचे. सगळ्या घराला रॉकेलचा वास. लग्न होऊन परगावी गेलेली मुलगी फोनवर हसायची. "बाबा, तुम्ही अजून घरात झोपता की तुम्हालाही सुटं करून ठेवलंय?"

वहिनींना गाडीतलं काही येत नव्हतं. एक जुनं, कडा खाल्लेलं पुस्तक गाडीसोबत मिळालं होतं, त्यातले आकृत्यांचे कागद त्यांनी भिंतीवर लावले. प्रत्येक नट काढला की डबीत, डबीवर चिठ्ठी. दवाखान्यात प्रत्येक पेशंटचा साचा असाच वेगळ्या डबीत असायचा. चुकीच्या तोंडात चुकीचे दात गेले तर माणूस उपाशी राहतो, असं त्या म्हणायच्या, आणि गाडीचंही तसंच आहे म्हणायच्या. बाजारात न मिळणाऱ्या वस्तू त्यांनी सरळ बनवायला घेतल्या. गिअरच्या दांड्याची मूठ फुटली होती. त्यांनी उरलेले तुकडे मेणानं जोडले, प्लॅस्टरचा साचा काढला आणि दात बनवायच्या मालातून नवी मूठ ओतली. हस्तिदंतासारखी गुळगुळीत, किंचित पिवळसर. काचा खालीवर करायच्या मुठी, डॅशबोर्डवरची बटणं, दाराच्या आतल्या कड्या, सगळं तसंच झालं. जुन्या बटणावर होतं ते अक्षर त्यांनी नव्या बटणावर सुईनं कोरलं.

दादा एकदाच खरे चिडले. त्यांचा दाढीचा सगळ्यात चांगला ब्रश दिसेना. तो सापडला रॉकेलच्या तसराळ्यात. वहिनी त्यानं ब्रेकचे भाग धूत होत्या.

"अगं, गिऱ्हाइकाच्या तोंडाला लावायचा ब्रश आहे तो!"

"केस फार छान आहेत त्याचे. कोपऱ्यातली घाण निघते."

"मग आता मी फेस कशानं करू? पान्यानं?"

दादा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सलूनच्या फळीवर एक नवा ब्रश उभा होता. दांडा दातांच्या मालाचा, बोटांना नेमका बसेल असा मध्ये बारीक झालेला. वहिनींनी माप कधी घेतलं, दादांना कळलं नाही. तो दांडा त्यांनी इतक्या गिऱ्हाइकांना दाखवला की लोकांना दाढी झाल्यावरसुद्धा उठता येईना.

त्या दिवसापासून दादा गाडीबद्दल बोलायला लागले. इथे कुणाचं गुपित नव्हतं, कसली ताकीद नव्हती. "आज इंजिन जागेवर बसवलं." "आज पत्रा ठोकून सरळ केला, हाताला फोड आलेत, पण थांबत नाही." गिऱ्हाइकं आत डोकावून बघायची. कुणी म्हणायचं, दादा, वहिनींना कशाला हा उद्योग? दादा त्याची दाढी नेहमीपेक्षा जरा खरखरीत करायचे.

सहा वर्षं गेली. मोटार गडद हिरवी होऊन चार चाकांवर उभी राहिली. वहिनींनी किल्ली फिरवली, इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. सलूनमधला आरसा थरथरला. दादांच्या हातात कात्री होती, ती तशीच धरून ते धावत मागे गेले आणि नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "धूर कमी आहे."

"पुष्कळ कमी आहे," वहिनी म्हणाल्या, आणि डोळे पुसताना त्यांच्या गालाला ग्रीस लागलं.

गाडी रस्त्यावर आणायला सरकारी तपासणी लागते, तिची तारीख मिळाली. आणि आठ दिवस आधी वीज खात्याची माणसं मागच्या बोळात आली. दुपारभर ठोकाठोकी झाली. संध्याकाळी वहिनींनी दुहेरी दार उघडलं तर समोर कमरेएवढ्या काँक्रीटच्या ओट्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी पेटी. दार उघडत होतं, पण पेटीला वळसा घालून फार तर सायकल गेली असती.

वहिनी कधी रडारड करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी टेप आणली, पेटी मोजली, गाडी मोजली, बोळ मोजला. मग पायरीवर बसल्या. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन आल्या. पेटी हलवायला अर्ज करा, वर्षभरात बघू, असं उत्तर मिळालं.

"परत सुटी करते," त्या म्हणाल्या. "टप काढायचा, मडगार्ड काढायची. मग तुकडे बोळातून नेऊन पलीकडे जोडायचे. वर्ष जाईल."

दादांनी बायकोच्या हातांकडे पाहिलं. बोटांचे सांधे सुजले होते, हल्ली सकाळी बरणीचं झाकणही त्यांना उघडत नसे. दादा सलूनमध्ये गेले. मागच्या खोलीच्या आणि सलूनच्या मध्ये एकच भिंत होती. तिच्यावर तो लांबलचक आरसा. त्यांनी बोटाच्या पेरांनी भिंत वाजवली, मग शटरची रुंदी पावलांनी मोजली. आणि हाक मारली, "अगं, टेप आण इकडे."

वहिनी टेप घेऊन आल्या आणि त्यांच्या लक्षात आलं. "नाही," त्या म्हणाल्या. "सलून तुमचं आहे."

"भिंत माझी आहे. चार इंचांची, साधी विटांची. वरचा भार तिच्यावर नाही, गवंड्यानं मागेच सांगितलंय. शटरमधून गाडी जाते की नाही तेवढं बघ."

त्यांनी मोजलं. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं राहत होती.

"गिऱ्हाइकं?"

"आठवडाभर वाढवतील केस. बरी दिसतील."

दुसऱ्या दिवशी शटरवर दादांच्या अक्षरात पाटी लागली, 'आतून मोटार बाहेर येणार असल्यामुळे सलून बंद.' आरसा चौघांनी उतरवून वर नेला आणि पलंगावर निजवला. मग खुर्च्या. जड लोखंडी खुर्च्या, जमिनीत बोल्टनं घट्ट. दादांनी वहिनींच्या पेटीतला पाना उचलला, लावून पाहिला, परत ठेवला. "हा चौदाचा. सतराचा लागेल," असं पुटपुटले. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी सतराचा पाना पुढे केला.

गवंडी स्वतः दादांचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं छन्नी लावली आणि विटा एकेक करून काढल्या, कारण गाडीच्या रंगावर धूळ बसता कामा नये असं वहिनींनी बजावलं होतं. मोटार जुन्या चादरींत गुंडाळली होती. भिंत निघाली आणि चादरी काढल्या तेव्हा गल्लीतून थेट मागच्या खोलीपर्यंत दिसत होतं, आणि त्या पोकळीत हिरवी मोटार समोर तोंड करून बसली होती. एरवी ज्यांना वाट वाकडी करून डोकावावं लागे, ते सगळे आता फुटपाथवर उभे होते.

"वहिनी आत बसतील," दादा म्हणाले. "ढकलू आम्ही."

पोस्टमन, गवंडी, समोरचा चष्मेवाला आणि दादा मागे लागले. मोटार फरशीवरून सावकाश निघाली, जिथे खुर्च्या होत्या तिथून गेली, शटरखाली आली. "डावीकडे, अजून, बस!" दादा ओरडत होते. चार बोटं दोन्ही बाजूंना शिल्लक राहिली. पुढची चाकं रस्त्यावर उतरली आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

तपासणीच्या मैदानावर तपासनीस साहेबांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, कागद दादांपुढे धरला. "गाडी चांगली ठेवलीत. काम कुणी केलं? मेकॅनिकचं नाव घाला इथे."

"मी केस कापतो साहेब," दादा म्हणाले. "मेकॅनिक ही."

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं आणि स्वतः गाडी चालवून बघितली. परत आले ते मान हलवत. "ब्रेक मारला की डावीकडे ओढते. आज नाही पास होणार. पुढच्या महिन्यात या."

"वीस मिनिटं देता का?" वहिनींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पर्समधून पाना काढला. इस्त्रीच्या कपड्यांनिशी त्या गाडीखाली आडव्या झाल्या. दादांनी आपला कोट काढून त्यांच्या डोक्याखाली सरकवला. आजूबाजूच्या ट्रकवाल्यांची गर्दी जमली. एक जण सल्ला द्यायला वाकला, थोडा वेळ बघत राहिला आणि सल्ला न देताच उभा राहिला.

साहेबांनी परत गाडी चालवली. या वेळी ती सरळ थांबली. ते उतरेनात. गिअरच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसले. "हे कुठे मिळालं? कुठेच मिळत नाही."

"बनवलं," वहिनी म्हणाल्या.

"कशाचं?"

आता दादांना राहवेना. "कवळीचं!" ते मैदानभर ऐकू जाईल असं म्हणाले. "दातांच्या मालाचं. एकोणतीस वर्षं दात बनवलेत हिनं. अर्धं गाव हिच्या हातचं हसतं, साहेब!"

"अहो!" वहिनींनी डोळे मोठे केले.

"नावं कुठे घेतली मी?"

वहिनींनी कागदावर मेकॅनिकच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, सुट्या अक्षरांत. साहेबांनी शिक्का मारला.

परतताना दादा शेजारच्या सीटवर ताठ बसले होते, एक हात दाराच्या कडीवर घट्ट.

"भीती वाटतेय?"

"छे. दार उघडलं तर म्हणून धरलंय."

"उघडणार नाही. मी बसवलंय ते."

दादांनी कडी सोडली आणि काच खाली केली. सिग्नलला एक बस शेजारी येऊन थांबली. खिडकीतला माणूस बाहेर वाकून म्हणाला, "झकास आहे! कुणाची हो गाडी?"

"हिची," दादा म्हणाले. बसचं इंजिन मोठ्यानं घरघरत होतं, म्हणून त्यांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि पुन्हा सांगितलं.