दोन घासांची जिजी

"बस भाऊ, मन्हं पोट भरी गयं," असं म्हणून जिजी ताटावर आडवा हात धरायची. ताटात तेव्हा अर्धी भाकरी शिल्लक असायची.

तळोद्याला मी कचेरीत कारकून असताना आम्ही तिच्या शेजारी राहत होतो. सगळी आळी तिला जिजी म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. नवरा सुतार, बैलगाडीची चाकं करायचा. मूलबाळ नव्हतं. जिजी लग्नकार्यात मांडे करायला जायची. तुम्ही कुणी खापरावरचे मांडे होताना पाहिले असतील, तर त्या कामाला किती बळ लागतं ते सांगायला नको. पुरण भरलेली लाटी ती हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायची.

त्या काळी ती अंगानं चांगली भरलेली होती. चुलीपुढे बसली की मागच्याला चूल दिसत नसे. पण पोटात सारखी आग व्हायची. एका लग्नात तिला रक्ताची उलटी झाली आणि नवऱ्यानं तिला नंदुरबारहून रेल्वेनं सुरतेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग कापून काढला.

आग थांबली. जिजी बारीक होऊन आली, तेव्हा आळीतल्या बाया म्हणाल्या, आता कशी छान दिसतेस. तिलाही ते आवडलं. पण अंग उतरायचं थांबेना. दोन घास जास्त गेले, किंवा काही गोड पोटात गेलं, की तिला दरदरून घाम सुटायचा, छाती धडधडायची आणि आडवं व्हावं लागायचं. गावभर मांडे खाऊ घालणारीला मांड्याचा तुकडा चालेना. हातातल्या पाटल्या निसटायला लागल्या, तशा तिनं त्या डब्यात ठेवल्या. एकदा चुलीशीच तिला भोवळ आली. हात खापरावर पडला आणि मनगटापासून वर भाजला.

मग दोघं पुन्हा सुरतेला गेली. डॉक्टर म्हणाले, पोट पुन्हा उघडून आतडं वेगळ्या रीतीनं जोडता येईल. बरं वाटेल, पण वाटेलच असं नाही. कदाचित आहे त्याहून वाईटही होईल. विचार करून या.

तो हिवाळा विचारातच गेला. नवऱ्याचं मत पक्कं होतं, करून टाकायचं. ती डोळ्यांदेखत वाळत चाललेली त्याला बघवत नव्हती. जिजी कधी हो म्हणे, कधी गप्प बसे. माझ्या बायकोला ती म्हणाली होती की, मरणाची भीती नाही, पण याहून कमी खावं लागलं तर काय करायचं, ते तिला सुचत नाही.

शेवटी जायचं ठरलं. आम्ही निरोप द्यायला गेलो, तर जिजी अंगणात गाठोड्यावर बसलेली. नवरा एस.टी.ची वेळ झाली म्हणून घाई करत होता.

ती शांतपणे म्हणाली, "माले जानं नही. तव्हय दुखे, म्हनीसन पोट फाडू दिन्हं. आते दुखस नही. थोडं जेवन हाई काय आजार शे का?"

नवऱ्यानं कोट काढून खुंटीला अडकवला आणि वाकस घेऊन लाकूड तासायला बसला. चार दिवस तो तिच्याशी नीट बोलत नव्हता, असं माझ्या बायकोनं मला सांगितलं.

जिजी पुढे कितीतरी वर्षं जगली. थोडं थोडं, कोरडं खायची. खाल्लं की पडायची. मांड्यांना जाताना सतरंजी बरोबर न्यायची आणि तिच्यावर पडल्या पडल्या दुसऱ्या बायांना सांगायची, खापर जास्त तापलं, जाळ ओढा. अंग कधी भरलं नाही, पण तिनं काम सोडलं नाही. माझी बदली झाली. नंतर कळलं, ती तापानं गेली. पोटाचं काही निमित्त नव्हतं.

मी भेटायला गेलो तेव्हा तिचा नवरा जेवत होता. वाटीत भाकरीचा चतकोर आणि थोडी कोरडी भाजी. मी म्हटलं, दादा, एवढ्यानं काय होतंय, नीट जेवत जा.

दादा म्हणाले, "तिले एकटीले थोडं खावानी लाज वाटे, भाऊ. म्हनीसन मी बी तिन्हा संगे तितलंच खाये. आते ताट भरीसन लिधं तं घास उतरस नही."

एवढी वर्षं शेजारी राहून आम्हाला हे माहीत नव्हतं. त्यांनी वाटी संपवली, भिंतीकडे तोंड केलं आणि जरा वेळ आडवे झाले.