ज्या तासावर बाईंचं जाणं ठरलं

सुमतीबाई मोघे यांची आणि माझी ओळख मेथीच्या जुडीवरून झाली. मी मखमलाबादची माळीण. मळ्यातली भाजी घेऊन सकाळी नाशिकच्या बाजारात बसायचे. बाई शाळेत जाता जाता थांबायच्या, जुडी उलटीपालटी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "गिरजाबाई, ही कालची आहे." मी म्हणायचे, "कालची असती तर बाई, तुमच्यासमोर एवढी ताठ उभी राहिली असती का?" त्या हसायच्या आणि दुसरी जुडी घ्यायच्या. मंडळी, ज्यांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे त्या बाई अशा आहेत. गोड बोलून त्यांना फसवता येत नाही. मी बरीच वर्षं प्रयत्न केला.

मला अक्षर येत नाही. मी सांगते आहे आणि नात लिहून घेते आहे. बाईंच्या विद्वत्तेबद्दल प्राध्यापक मंडळी लिहितीलच. माझ्याकडे सांगायला मुख्यतः एकच दुपार आहे. पण त्या दुपारी बाईंचं पुढचं आयुष्य पणाला लागलं होतं, आणि मी तिथं पहिल्या खुर्चीवर होते.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. बाईंनी पन्नाशी ओलांडली होती. यजमान वारले होते. मुलगा अविनाश पुण्यात नोकरीला. शाळेतून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई पुण्याला जाऊन नातवंडं सांभाळणार. बाईंनी पेपरातली जाहिरात बघून थायलंडमधल्या एका शाळेकडे अर्ज केला. इंग्रजी शिकवायला.

मी विचारलं, "इथं काय इंग्रजी कमी पडलं?"

म्हणाल्या, "जन्मभर मुलांना परीक्षेपुरतं इंग्रजी दिलं, गिरजाबाई. पण एकही पोर माझ्याशी कधी इंग्रजीत भांडलं नाही. ते एकदा ऐकायचंय."

अविनाश धावत आला. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगते; तो या ग्रंथाच्या कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसणार आहे. काळजीनं बोलत होता. "आई, या वयात परका देश, भाड्याची खोली. लोक काय म्हणतील?" बाई म्हणाल्या, "ते तू ऐकून घे. मी इथं नसेन." पण शेवटी मायलेकांत एक ठरलं. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका भारतात येणार होत्या. त्यांना पांडवलेणी बघायची होती, म्हणून नाशिकलाही येणार होत्या, आणि त्याच दिवशी बाईंचा एक तास बघणार होत्या. तो तास पसंत पडला तर बाई जाणार. नाही पडला तर विषय संपला. घराला कुलूप आणि पुणे. बाईंनी तसा शब्द दिला. बाई शब्द मोडत नाहीत, म्हणून मला धडकी भरली.

त्यात त्या शाळेची एक अट होती. शिकणाऱ्यांना इंग्रजी मुळीच येत नसावं, आणि शिकवणारीनं त्यांच्या भाषेतला एकही शब्द वापरायचा नाही. बाईंनी आजवर इंग्रजी शिकवलं ते मराठीच्या आधारानं. आधी वाक्य, मग 'म्हणजे', मग अर्थ. हा 'म्हणजे' त्यांच्या तोंडात बसलेला. शिवाय नाशिकच्या शाळेतल्या पोरांना थोडंफार इंग्रजी येतंच. मग बाई बाजारात आल्या आणि मला, शेजारी बसणाऱ्या पार्वतीला आणि कौसल्येला म्हणाल्या, "तुम्ही तिघी माझ्या कामाच्या." अडाणीपणानं मला एवढा मान आजवर कधी मिळवून दिला नव्हता.

भाजी विकून झाली की दुपारी आम्ही त्यांच्या ओसरीवर जमायचो. बाईंनीच मला सांगून ठेवलं होतं, "माझ्या तोंडून मराठी निघालं की वजन आपटायचं." मी तराजूतलं अर्ध्या किलोचं वजन घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी ओसरीची फरशी कशी वाचली, देवाला ठाऊक. बाई घामाघूम व्हायच्या. वांगं दाखवायच्या, चालून दाखवायच्या, रडून दाखवायच्या. ज्या बाईंना वर्गात मुलं चळचळा कापायची, त्या आमच्यासमोर कोंबडीसारख्या फिरल्या. पन्नाशीनंतर आपलंच काम पुन्हा पहिल्यापासून शिकायचं आणि तेही भाजीवालीकडून वजन आपटून घेत, याला मोठं मन लागतं.

पार्वतीला बाईंची फार काळजी. ती म्हणाली, "बाई, काय विचारणार ते आधी सांगून ठेवा. आम्ही पाठ करतो. मॅडमला काय कळणार आहे?"

बाई म्हणाल्या, "मला कळेल ना."

"पण तुमचं जाणं बुडालं तर?"

"तर बुडेल. पार्वती, मी तिथं जाऊन शिकवू शकते का, हे मला त्यांच्याआधी बघायचंय." आणि त्या दिवशी काय विचारणार, ते त्यांनी आम्हाला शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

तो दिवस आला. लेण्यांच्या पायऱ्या चढून-उतरून मॅडम आल्या. बुटकी, नीटनेटकी बाई, चेहऱ्यावरून काही कळू न देणारी. मागच्या खुर्चीत कागद घेऊन बसल्या. दाराशी खुर्ची टाकून अविनाश. बाईंनी आम्हाला जमिनीवर बसू दिलं नाही. घरातल्या चांगल्या खुर्च्या आम्हाला दिल्या आणि स्वतः उभ्या राहिल्या.

सुरुवात बरी झाली. भाज्या झाल्या, रंग झाले. मग घरची माणसं. बाईंनी दाराकडे हात केला, "धिस इज माय सन." आम्ही तिघींनी आपापल्या मुलांची नावं सांगितली. कौसल्येनं तर सुनेचंही सांगितलं, कुणी विचारलं नसताना. मॅडमच्या ओठाचा कोपरा जरा हलला. मग बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "धिस इज माय हजबंड. हिज नेम इज मधुकर." आणि माझ्याकडे वळून, "व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

प्रश्न मला कळला होता. उत्तरही येत होतं. पण तोंड उघडेना.

मंडळी, आमच्यात बाई मालकाचं नाव घेत नाही. घेतलं तर हळदीकुंकवाला, उखाण्यात, तेही चारजणींनी भरीला घातल्यावर. चारचौघांत, पुरुष बसलेला असताना, असं उघडं नाव मी लग्न झाल्यापासून उच्चारलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला. बाईंनी पार्वतीला विचारलं. पार्वतीनं मान खाली घातली. कौसल्या छताकडे बघायला लागली. इतका वेळ पोपटासारख्या बोलणाऱ्या आम्ही तिघी एकदम मुक्या. मागे मॅडमची पेन्सिल कागदावर चालू लागली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बाईंना कारण लगेच कळलं, हे मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. पण सांगणार कसं? 'राहू दे, मुलीचं नाव सांगा' एवढं मराठीत म्हणाल्या असत्या तर आम्ही सुटलो असतो, आणि तास तिथंच संपला असता. त्यांचे ओठ हलले. अविनाश खुर्चीत पुढे सरकला. मला वाटलं, आता 'म्हणजे' येतो. मी मनात म्हटलं, गिरजे, घे नाव, एका नावानं काय आभाळ कोसळणार आहे? पण पदर तोंडावरून निघेना.

बाईंनी ओठ मिटले. पाण्याचा घोट घेतला. मग कौसल्येसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बोट दाखवलं माझ्याकडे. "व्हॉट इज हर हजबंड्स नेम?"

कौसल्येच्या मालकाचं नाव अडलं होतं. माझ्या मालकाचं तिला काय? ती खणखणीत आवाजात म्हणाली, "हर हजबंड्स नेम इज तुकाराम." मग मी पार्वतीच्या मालकाचं सांगितलं, पार्वतीनं कौसल्येच्या. एकमेकींचे नवरे आम्ही असे काही घेतले की विचारू नका. हसू आवरेना. पार्वतीनं तर पुढं जाऊन, 'हर हजबंड इज फॅट' असंही सांगितलं. ते बाईंनी शिकवलं होतं भोपळ्यावरून.

तास संपल्यावर मॅडमनी बाईंना इंग्रजीत बरंच विचारलं. काय विचारलं, ते नंतर अविनाशनं सांगितलं. बाया गप्प का झाल्या, हे बाईंनी समजावल्यावर मॅडम म्हणाल्या, "पण तुम्ही तर तुमच्या पतीचं नाव घेतलंत." बाई म्हणाल्या, "शिकवायचं होतं म्हणून घेतलं. आमच्याही घरात घेत नसत. आज पहिल्यांदाच घेतलं."

मॅडम निरोप घेऊन गेल्या. हो नाही, ना नाही. फोन करू म्हणाल्या. अविनाश तसाच बसलेला. म्हणाला, "आई, तू बाबांचं नाव घेतलंस."

"इंग्रजीत घेतलं रे. तिथं चालतं."

तो उठून आत गेला. आम्ही बायका उगाच कपबशा विसळत बसलो.

पुढचे दिवस वाईट गेले. बाई बाजारात यायच्या आणि कालची मेथी न बघता घेऊन जायच्या. त्यावरून मला त्यांची अवस्था कळायची. फोन आला तो अविनाशनं उचलला. ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि आईला विचारलं, "तुझी बॅग केवढी लागेल?" विमानतळावर पोचवायला तोच गेला. हल्ली तो लोकांना सांगतो, आईला मीच पाठवलं. आम्ही काही बोलत नाही.

बाई तिथं जाऊन आता बरीच वर्षं झाली. दर उन्हाळ्यात सुट्टीला येतात. पहिल्या वर्षी तिथली पोरं लाजून तोंडच उघडत नव्हती म्हणे. बाईंनी मग कुणालाच स्वतःबद्दल विचारलं नाही, शेजारच्याबद्दल विचारलं. वर्ग बोलायला लागला. मागल्या खेपेला आल्या तेव्हा मी विचारलं, "भांडलं का कुणी इंग्रजीत?" म्हणाल्या, "रोज भांडतात. डोकं उठतं." एवढं सुखाचं गाऱ्हाणं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या सुट्टीवर होत्या. रोज येऊन औषधाचे थेंब घालायच्या, आणि मी हलले की वर्गातल्यासारख्या दटावायच्या.

आता त्या शाळेनं पुन्हा बोलावलं आहे, आणि साठी झाली म्हणून इथली मंडळी म्हणताहेत, पुरे झालं, आता घरी राहा. बाईही जरा डळमळल्या आहेत, मला दिसतं. बाकीचे त्यांना शंभर वर्षांचं आयुष्य मागतील; ते मिळो. मी त्यांच्यासाठी धड गुडघे मागते, खणखणीत आवाज मागते, नीट लागणारी झोप मागते आणि उघडायला आलेली ती शाळा मागते. बाई, तुम्ही जा. इथं तुमच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. हे मी धडधडीत खोटं सांगते आहे, आणि एवढ्या एका वेळी तुम्ही माझ्याकडून फसून घ्या.